पोरांच्या पायावरच्या न भरणाऱ्या जखमा – कुणाला काही माहिती / अनुभव?

बोअरवाला_कुमासी

नमस्कार मंडळी. मी मूळचा तासगावकडचा, गेली सहा वर्षं घानात बोअर मारायचं काम करतो. सध्या आमची गाडी कुमासीच्या नैऋत्येला अमान्सी वेस्ट भागात आहे. लाल चिखल, कोकोची झाडं, मधेच सोन्यासाठी उकरून ठेवलेले खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी. गावात गाडी लागली की सगळी शाळा बघायला येते, ओब्रोनी ओब्रोनी (म्हणजे परदेशी माणूस) करत. पोरं अनवाणी असतात, त्यामुळे नजर पायावर जातेच.

तर या गावात मला पाच-सहा पोरांच्या नडगीवर जखमा दिसल्या. साधारण रुपयाएवढ्या, गोल, मध्ये पिवळसर, कडा जरा उचललेल्या. माश्या बसतात, पोरं पाय झटकतात. एकाला विचारलं किती दिवस झाले, तर म्हणाला नाताळापासून. म्हणजे तीन महिने! मी आमच्या किटमधलं लाल औषध लावून पट्टी केली, दोघांना हात लावला तरी कळवळत होते. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आहे, तिच्या कोपराजवळ सगळ्यात मोठी जखम आहे पण ती रडत नाही, तक्रार पण नाही, त्यामुळे तिचं बरं चाललंय असं समजतो.

गावातली नर्स म्हणाली यॉज असेल. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आपल्याकडे होता का हा रोग? नक्की कशाने होतात अशा जखमा? आणि मी, डॉक्टर नसलेला माणूस, काय करू शकतो?

काजवा

वाचतेय. फोटो टाकू नका प्लीज, पोरांचे आहेत.

बोअरवाला_कुमासी

नाही टाकणार ताई.

कोकणकडा७

आमच्या लहानपणी पण असायच्या की. पावसाळ्यात गुडघे कोपर कायम फुटलेले, आणि शाळेतले गुरुजी जेन्शन व्हायोलेटची बाटली घेऊन बसायचे. जुलैत आमची अख्खी पाचवी ब जांभळी दिसायची. आईने दगडी पाला चुरगळून लावला की चार दिवसात खपली. तिकडे दगडी पाला मिळतो का बघा, तो कुठेही उगवतो.

निवृत्त_टोलावाला

होता ना जी आपल्याकडे यॉज! मी गडचिरोली जिल्ह्यात एमपीडब्ल्यू, म्हणजे गावोगाव फिरणारा सरकारी आरोग्य कर्मचारी होतो, आता रिटायर. आपल्या देशात यॉज निर्मूलनाचा कार्यक्रम १९९६-९७ ला ओडिशातल्या कोरापुटपासून सुरू झाला, मग दहा राज्यात पसरला, त्यात महाराष्ट्र पण होता, आमचा गडचिरोली आणि शेजारचा चंद्रपूर. आमच्याकडे फोटोचं कार्ड राहायचं, त्यावर यॉजचे फोड, जखमा, तळपायाच्या भेगा. ते कार्ड घेऊन टोल्या-टोल्यावर, म्हणजे पाड्या-पाड्यावर जायचं, घरोघरी लेकरं बघायची, आश्रमशाळेत लाईन लावून बाह्या वर, पायजमे वर. नदीला पाणी असलं की सायकल खांद्यावर.

माझ्या हातून हजारो लेकरं तपासल्या गेली असतील. खरूज निघाली, नायटा निघाला, चिखल्या, भाजलेलं, कुत्रं चावलेलं, सगळं निघालं. यॉज माझ्या भागात एकही निघाला नाही आणि तरी दरवेळेस रिपोर्टात शून्य लिहून द्यावं लागे. तेव्हा राग यायचा की शून्य लिहायला चाळीस किलोमीटर पाठवतात. आता समजते, ते शून्यच पाहिजे होतं. देशातली शेवटची केस २००३ ची, २००६ ला सरकारने निर्मूलन जाहीर केलं, आणि २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त म्हणून शिक्का दिला.

त्या काळी एक म्हण आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगत – रस्ता संपतो तिथून यॉज सुरू होतो. तुमचं गाव तसंच दिसते. इलाज आमच्या वेळेस पेनिसिलीनचं एकच इंजेक्शन, कंबरेखाली, लय दुखायचं. लेकरं आम्हाला बघून झाडावर चढत.

काजवा

काका काय सुंदर लिहिलंय. "ते शून्यच पाहिजे होतं"!! यावर वेगळा लेख लिहा ना.

सूक्ष्मदर्शी

पुण्यात मायक्रोबायोलॉजीत आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

टोलावाले काकांनी सांगितलं ते बरोबर. यॉज म्हणजे सिफिलिसच्या जंतूचा सख्खा भाऊ, ट्रेपोनेमा पॅलिडमचीच उपजात, पण हा लैंगिक संबंधातून पसरत नाही. पोरापोरांची कातडी एकमेकांना लागते, एकाची जखम वाहत असते, दुसऱ्याला खरचटलेलं असतं, बस. उष्ण दमट हवा, गर्दीचं घर, साबण-पाणी कमी, असं असेल तिथे तो टिकतो. बहुतेक पंधरा वर्षांखालची मुलं. दुर्लक्ष केलं तर वर्षानुवर्षांनी नडगीचं हाड वाकतं, नाक झडतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पापुआ न्यू गिनीत लिहिर नावाचं बेट आहे, तिथेही सोन्याची खाण. ओरिओल मित्जा नावाचा स्पॅनिश डॉक्टर तिथे काम करत होता. त्याने आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ॲझिथ्रोमायसिनच्या गोळीचा एकच डोस पेनिसिलीनच्या इंजेक्शनइतकाच चालतो. म्हणजे काका, झाडावर चढायचं कारण संपलं! मग २०१३ मध्ये त्या बेटावर जवळपास सगळ्यांना एकदम गोळ्या दिल्या. आधी तिथे दर शंभरात अडीचेक लोकांना जखमेचा यॉज होता, वर्षभराने तो ०.३ टक्क्यांवर आला.

आणि त्याच सुमारास जखमांमधलं स्वॅब घेऊन पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) केलं तेव्हा कळलं, की डोळ्यांनी बघून "हा यॉजच" म्हटलेल्या जखमांपैकी निम्म्याहून जास्त जखमांत वेगळाच जंतू होता, हिमोफिलस ड्युक्रेयी. काही पोरांत दोन्ही एकत्र. हा जंतू आम्हाला पुस्तकात फक्त गुप्तरोगाचा म्हणून शिकवलेला, १८८९ साली ड्युक्रे नावाच्या इटालियन डॉक्टरने शोधलेला. पोरांच्या नडगीवर तो असतो हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, कारण कुणी शोधलंच नव्हतं. पुढे सॉलोमन बेटं, वानुआतू आणि घाना, सगळीकडे तोच सापडला. त्यामुळे नर्सबाईंचं "यॉज असेल" हे चूक नाही, पण बघून सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरलासुद्धा नाही.

गोदाकाठ

एक मिनिट. गुप्तरोगाचा जंतू लहान मुलांच्या अंगावर? मग हे प्रकरण वेगळंच नाही का? पोलिसात वगैरे जायला हवं. मी शिक्षिका आहे, आम्हाला अशा खुणांवर लक्ष ठेवायला शिकवतात.

सूक्ष्मदर्शी

गोदाकाठ, प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच नीट उत्तर देते. नडगीवरच्या, पावलावरच्या या जखमांचा लैंगिक अत्याचाराशी संबंध नाही. हा जंतू तिथे कातडीवरून कातडीला जातो. पापुआमध्ये तर जखम नसलेल्या धडधाकट मुलांच्या कातडीवरही त्याचा अंश सापडलाय, अंथरुणावर सापडलाय, माश्यांवर सापडलाय. खरचटलं की आत शिरायला वाट मिळते. कृपया त्या आईबापांकडे कुणी संशयाने बघू नका. तुमची शिक्षिकेची नजर मात्र तशीच ठेवा, ती दुसरीकडे लागते.

गोदाकाठ

समजलं. धन्यवाद, नसतं विचारलं तर डोक्यात तसंच राहिलं असतं.

शब्दवेडा

अवांतर: याला मराठीत व्रण म्हणायचं ना? पण आमच्याकडे व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहते ती खूण.

कोकणकडा७

ती खूण म्हणजे वण. व्रण म्हणजे उघडी जखम. आजी म्हणायची, व्रण गेला वण राहिला.

शब्दवेडा

हे फारच भारी, वाचनखूण साठवली.

मोर्निंग्टनची_मीरा

मी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या दक्षिणेला राहते. धागा वाचताना छातीत धस्स झालं म्हणून लिहितेय. बोअरवाले दादा, ती न रडणारी मुलगी. तिला आधी दाखवा.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या घोट्यावर डास चावल्यासारखी गाठ आली. दुखत नाही, खाजत नाही, ताप नाही. आम्ही महिनाभर काहीच केलं नाही, कारण दुखतच नव्हतं! मग ती मध्ये फुटली आणि छोटीशी जखम दिसायला लागली. आमच्या डॉक्टरबाईंनी कापसाची काडी घेतली आणि जखमेच्या कडेखाली घातली तर ती आत जातच राहिली, वरून कातडी शाबूत आणि खाली पोकळ. मी तिथेच खुर्चीवर बसले. निदान निघालं बुरुली अल्सर. विश्वास बसेना, आम्ही शहरात राहतो, चपला घालतो, रोज आंघोळ करतो.

आमच्या भागात हा रोग आहेच. इथे पोसम नावाचा झाडावरचा प्राणी असतो त्याच्या विष्ठेत जंतू सापडतो, आणि डासांतून माणसात येतो असं २०२४ मध्ये इथल्या संशोधकांनी दाखवलं. आफ्रिकेत कसं पसरतो ते अजून नीट उलगडलेलं नाही असं आमच्या डॉक्टर म्हणाल्या. पण घाना हे नाव मी त्या दिवसापासून विसरले नाही, कारण त्यांनी सांगितलं की या रोगाच्या देशांत ते वरच्या नंबरात आहे.

सूक्ष्मदर्शी

मीरा, मी वर एवढं लांबलचक लिहिलं आणि त्या मुलीवरून माझी नजर घसरली. तुम्ही पकडलंत. शंभर टक्के सहमत.

बोअरवाले दादा, अमान्सी वेस्ट हा भाग बुरुलीसाठी माहीत असलेला आहे. जंतू आहे मायकोबॅक्टेरियम अल्सरन्स, टीबी आणि कुष्ठरोगाच्या कुळातला. तो मायकोलॅक्टोन नावाचं विष सोडतो. ते विष कातडीखालची चरबी मारतं आणि तिथली वेदना बधिर करतं. म्हणून मोठी जखम आणि तक्रार शून्य. त्याला थोडी थंड जागा आवडते, ३०-३३ अंश, म्हणून हातपायाच्या कातडीत वाढतो. पहिल्यांदा या जखमांचं वर्णन १८९७ मध्ये युगांडात अल्बर्ट कुक यांनी केलं, नाव तिथल्याच बुरुली परगण्यावरून. जंतू मात्र वेगळा ओळखला गेला १९४८ मध्ये, मीराच्या व्हिक्टोरियातच.

लवकर सापडला तर आठ आठवडे रोज दोन औषधं, रिफॅम्पिसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन. उशीर झाला तर कातडी लावावी लागते, आणि कोपर असल्याने सांधा आखडतो, हात सरळ होत नाही. हात सरळ होतो का, हे आजच बघा.

बोअरवाला_कुमासी

वाचून हात थरथरले. मी तिच्या पाठीवर थाप मारून "शूर मुलगी" म्हणून आलो होतो. उद्या सकाळी सहाला गाडी काढतो.

कोकणकडा७

दादा जाऊन या. आणि माझा दगडी पाला मी मागे घेतो, निदान या जखमांसाठी.

निवृत्त_टोलावाला

कोकणकडा भाऊ, पाल्याला वाईट कोणी म्हणत नाही, खरचटलं तर आम्हीही लावतो. पण माझा एक हिशोब होता, तोच आशाताईंना पण सांगायचो. दोन आठवडे झाले आणि जखम लहान होत नसली, तर पाला, हळद, चुना, तंबाखू, राख, सगळं बंद आणि दवाखाना. चुना लावलेली जखम तर मला दिसली की पोटात कालवायचं. वरून पांढरी कोरडी दिसते, आत सडत राहते.

आनंदी_आनंद

मी वेगळ्या बाजूने बोलते. माझे आजोबा कुष्ठरोगी होते, वरोऱ्याजवळच राहायचो आम्ही. त्यांच्या तळपायाची जखम मी लहानपणापासून धुतली. त्यांनाही दुखायचं नाही. पण ती जखम जंतूने खाल्लेली नव्हती, नस मेल्यामुळे खडा टोचला तरी कळायचं नाही आणि त्यावरच चालत राहायचे. रोज संध्याकाळी घमेल्यात साधं पाणी, त्यात अर्धा तास पाय, मग जाड कातडी दगडाने हलकी घासायची, ओलेपणीच तेल. आणि एमसीआरची चप्पल, ती मऊ काळी रबराची. जखम भरली ती विश्रांतीने आणि चपलेने, मलमाने नाही. सांगायचं एवढंच की न दुखणारी जखम कुठलीही असो, तिला जास्त जपा.

मरुधर_मुंबईकर

बिकानेरला पोस्टिंग होतं तेव्हा आमच्यातल्या एकाच्या गालावर असा फोड आला, कोरडा, मध्ये खड्डा, सहा महिने तसाच. तो निघाला लेशमेनियासिस, वाळूमाशी चावून होतो. जखमेतच इंजेक्शनं दिली. त्याला तोपर्यंत तीन ठिकाणी तीन वेगवेगळी मलमं मिळाली होती. सूक्ष्मदर्शी ताई म्हणतात ते पटलं, बघून सांगता येत नाही.

तर्कतीर्थ_०९

मला एक कळत नाही. गोळी एकच, स्वस्त, यॉजवर चालते. मग टेस्ट वगैरे भानगडी कशाला, सगळ्या गावाला वाटून टाका. टेस्टसाठी थांबायचं म्हणजे गरीब माणसाने परत वाट बघायची.

सूक्ष्मदर्शी

तर्कतीर्थ, तुमचा राग मला पटतो आणि यॉजसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं धोरणही तेच आहे, आधी अख्ख्या वस्तीला डोस. ड्युक्रेयीवरही ॲझिथ्रोमायसिन चालतं. पण तीन गोष्टी. त्या बेटावर यॉज कमी झाला तरी ड्युक्रेयीच्या जखमा पुरत्या गेल्या नाहीत. काही वर्षांनी यॉज परत डोकं वर काढायला लागला, आणि २०१८ मध्ये जाहीर झालं की पाच जणांत त्याला ॲझिथ्रोमायसिन लागूच पडत नव्हतं. तो पसरायच्या आत सापडला तो फक्त टेस्ट केल्यामुळे. आणि तिसरी गोष्ट ही मुलगी. बुरुलीवर ती एक गोळी काहीही करत नाही. गोळी दिली, रजिस्टरमध्ये टिक झाली, सगळे निर्धास्त, आणि हात गेला.

बोटातल्या रक्ताची एक झटपट टेस्ट मिळते, पट्टीवर दोन रेषा. पण तीही रक्तात यॉज आहे एवढंच सांगते, ही जखम त्याचीच आहे असं नाही. जखमेसाठी स्वॅबच. त्याशिवाय फ्युझोबॅक्टेरियमची उष्णकटिबंधी जखम वेगळीच, ती दुखते, दुर्गंध येतो, झपाट्याने वाढते, अर्धपोटी माणसाला जास्त. आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांत ती इतकी असायची की इंग्रज तिला नागा सोअर म्हणायचे.

तर्कतीर्थ_०९

ठीक. म्हणजे वाटप आणि टेस्ट दोन्ही, एकाऐवजी दुसरं नाही. मान्य. पण टेस्ट गावापर्यंत यायला हवी, गावाने टेस्टपर्यंत जायचं नाही, हे माझं म्हणणं सोडणार नाही.

निवृत्त_टोलावाला

याला माझं अनुमोदन, सायकलसकट.

मोर्निंग्टनची_मीरा

दादांचं काही कळलं का? पाच दिवस झाले.

बोअरवाला_कुमासी

मंडळी, उशीर झाला, माफ करा, इथे नेट नव्हतं.

मुलीचा हात पूर्ण सरळ होत नव्हता. थोडासाच फरक, पण दोन्ही हात पुढे करायला सांगितल्यावर दिसला. तिची आई आधी तयार नव्हती, घरात कुणी करणी केलीय असं चाललं होतं आणि दवाखान्यात गेलं की हात कापतात असं कुणीतरी सांगितलेलं. नर्सबाई तिच्याशी तासभर बोलल्या, मी बाहेर बसून राहिलो. शेवटी आई म्हणाली मी सोबत येते. गाडीत पुढच्या सीटवर ती, मांडीवर मुलगी, मागे चार पोरं. तालुक्याच्या दवाखान्यात सगळ्यांचे स्वॅब घेतले, कडेखाली काडी घालून, अगदी मीराताई म्हणाल्या तसं. मुलीच्या जखमेत काडी आतच गेली. मुलगी तेव्हाही रडली नाही, माझ्याकडे बघत होती.

मोर्निंग्टनची_मीरा

थांबलेय.

बोअरवाला_कुमासी

आज कुमासीहून रिपोर्ट आले. मुलीचं बुरुली. बाकी चार पोरांपैकी तिघांचं ते ड्युक्रेयी, आणि एकाचं यॉज. नर्सबाई रिपोर्ट दोनदा वाचत होत्या, म्हणाल्या मला सगळे सारखेच दिसत होते. चौघांना गोळी दिली, जागेवरच गिळायला लावली.

मुलीची औषधं फुकट आहेत, ५६ दिवस. ड्रेसिंगला एक दिवसाआड दवाखान्यात जायचंय, बारा किलोमीटर, त्याची सोय आमच्या पाण्याच्या टँकरवाल्याने अंगावर घेतलीय, तो तसाही त्या वाटेने जातो. कातडी लावावी लागेल का ते महिनाभराने कळेल. हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यातल्या बाईंनी तिला दाखवलंय, रोज भिंतीला तळवा लावून वर सरकवायचा.

टोलावाले काका, एक विचारायचं होतं. गोळ्या चुकू नयेत म्हणून तुम्ही काय करायचात? आईला लिहिता वाचता येत नाही.

निवृत्त_टोलावाला

कोळशाने दाराच्या मागे रेघा. एक दिवस एक रेघ, पण रेघ लेकराने ओढायची, आईने नाही. टीबीच्या पेशंटला आम्ही असंच करायचो. आणि तुम्ही गावात गेले की आधी दार बघायचं, मग चहा.

बोअरवाला_कुमासी

करतो. ती व्यायामाला तळवा वर सरकवते त्याच भिंतीवर ओढायला सांगतो, म्हणजे हात किती वर गेला तेही दिसेल. आज तीन रेघा होतील.